तायडेवहिनींना ग्लेशियर पाहायचं होतं

मी पायदळातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. राहायला अमरावतीत आहे. वरूडकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तो धाकटा भाऊ पाहतो. माझं काम म्हणजे सकाळी वडाळी तलावापर्यंत चालून येणं आणि दिवसभर घरात मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पायात पायात करणं. हे शब्द तिचे आहेत.

मे महिन्यात एका दुपारी बार्शीटाकळीहून संगीतावहिनींचा फोन आला. संगीता तायडे ही माझ्या कंपनीतल्या लान्स नायक गौतम तायडेची पत्नी. गौतम बावीसेक वर्षांपूर्वी उत्तरेच्या ग्लेशियरवर शहीद झाला. त्या दिवशी पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, कमांडर मी होतो. वहिनी तेव्हापासून पंचायत समितीत कारकून आहेत. मी दरवर्षी गौतमच्या स्मृतिदिनाला त्यांच्याकडे जातो. एरवी फोन फारसा होत नाही.

"भाऊ, प्रज्ञाचं लग्न जमलं."

प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. अकोल्याला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते.

"फार चांगलं झालं, वहिनी. कधी आहे?"

"थंडीत. पण त्याच्या आधी मले एक काम करायचं आहे. मले ग्लेशियर पाहाचं आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकून राहिले का?"

"ऐकतोय. कोणतं ग्लेशियर?"

"कोणतंबी. त्यायचंच पाहिजे असं नाही. तिथं आपल्याले जाऊ देत नाहीत, मले माहीत आहे. पण वीस वर्षं झाली, मी लोकाले सांगून राहिली का ते बर्फात गेले. आता पोरीच्या सासरचे विचारतीन, त्यायलेबी तेच सांगीन. अन् मले बर्फ माहीत आहे तो फ्रिजमधला." थोडं थांबून म्हणाल्या, "एका दिवसात जाऊन परत येता येईन असं असलं तं पाहा. प्लॅन तुमी करा. तुमी सांगसान तसं मी करीन."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि मला बसवेना. गच्चीवर गेलो. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत राहिलो. नोकरीत मी पेट्रोल किती काढले याचा हिशोब नाही. प्लॅन, रूट, लोड, कम्युनिकेशन, मेडिकल, हे सगळं झोपेतही सांगू शकतो. पण गौतम गेला त्या तैनातीनंतर मी बर्फावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. पलटण पुढे दुसरीकडे गेली, माझी पोस्टिंग मैदानात झाली. बर्फातली मी कधी मागितलीही नाही.

मंदा वर आली. "काहून फेऱ्या मारून राहिले इतक्या उन्हात?"

मी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "न्या तिले. पण एक सांगा, तुमी तिले नेऊन राहिले का सोताले?"

  तिने हातातली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि खाली गेली.

जागा ठरवायला आठवडा गेला. पलटणीतला एक जुना साथी आता मनालीला असतो. त्याने लाहौलच्या बाजूचं एक ग्लेशियर सुचवलं. मनालीकडून डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की एक छोटं गाव, तिथे राहायची सोय, आणि गावातून पहाटे निघालं तर ग्लेशियरच्या तोंडाशी जाऊन संध्याकाळी परत. वाटेला दोराची गरज नाही, फक्त वर बर्फावर उतरायचं असेल तर. गावातला दोर्जे नावाचा गाइड त्याच्या ओळखीचा होता. मी दोर्जेला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, "साब, ग्लेशियर यहीं है. आप आराम से आओ."

महिना मी सप्टेंबर निवडला. त्याचं कारण सांगायला मी अकोल्याला गेलो. प्रज्ञाने तिथे भाड्याने खोली घेतली आहे. वहिनी बार्शीटाकळीहून आल्या होत्या.

प्रज्ञा बोलायला लागली तेव्हा तिच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिने खाली ठेवलाच नाही. "काका, तुम्ही तरी आईला समजवा. तिला बीपी आहे. गुडघा दुखते. ऑफिसचा जिना चढताना थांबते. काय पाहाचं आहे तिथं?"

"चहा दे आधी," वहिनी म्हणाल्या.

मी वहिनींना सांगितलं की डॉक्टरांनी परवानगी दिली तरच जायचं. आणि सप्टेंबर यासाठी की तोवर वरचा ताजा बर्फ वितळून जातो. ग्लेशियर उघडं पडतं. क्रेव्हास असतात त्या डोळ्यांना दिसतात. धोका दिसणाऱ्या क्रेव्हासचा कमी असतो, झाकलेल्या क्रेव्हासचा जास्त.

वहिनी म्हणाल्या, "तुमी दरवेळी म्हणता, क्रेव्हास. बर्फात भेग. म्हणजे आमच्या वावरात आता पडल्या आहेत, तशा?"

मे महिन्यात वऱ्हाडातली काळी जमीन फाटते. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. जनावराचा पाय अडकून मोडतो.

"तशाच," मी म्हणालो. "पण त्यात अख्खं घर बसेल. आणि वरून बर्फाचा पातळ थर आला की खाली भेग आहे हे कळत नाही. त्या थराला स्नो ब्रिज म्हणतात."

"त्यायच्या पायाखाली तोच होता?"

"तोच."

हे मी त्यांना पूर्वीही सांगितलं होतं. पण तेव्हा घरात माणसं असायची, आणि मी उभ्याने रिपोर्ट द्यावा तसं सांगायचो. त्या दिवशी प्रज्ञाही ऐकत होती. ट्रे तिने आता खाली ठेवला होता. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. इथेही तसंच लिहितो.

आमची कंपनी ग्लेशियरवर तैनात होती. दोन पोस्टमध्ये लिंक पेट्रोल चालायचं. म्हणजे एका पोस्टवरून निघायचं, वाट चालू आहे की नाही ते पाहायचं, दुसऱ्या पोस्टला पोचायचं. पेट्रोलमध्ये आम्ही चौघे होतो. पुढे गौतम, मागे मी, तेव्हा हवालदार होतो, माझ्या मागे रेडिओ ऑपरेटर आणि शेवटी नर्सिंग असिस्टंट. चौघे एका दोरीवर. पुढचा माणूस लांब काठीने बर्फ टोचत चालतो. काठी सहज आत गेली तर थांबायचं. गौतमला बर्फाचा अंदाज चांगला होता. तो कमी बोलायचा आणि टोचायला कधी कंटाळायचा नाही.

हवामान साफ होतं. आम्ही अर्ध्याहून जास्त वाट चाललो होतो. गौतमने काठी टोचली, ती लागली. त्याने पाऊल टाकलं, तेही लागलं. दुसऱ्या पावलाला तो दिसेनासा झाला. आवाज झाला नाही. दोरीने मला तोंडावर पाडलं आणि फरफटत नेलं. मी आइस अॅक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, बर्फात मारली, मागच्या दोघांनी मारली, आणि दोरी थांबली.

आम्ही दोरी अॅक्सला बांधून पक्की केली. मी ओरडलो, "तायडे."

खालून आवाज आला. "आहे, उस्ताद."

तो तळाशी नव्हता. दोरीला लटकलेला होता. उजवा खांदा निखळला होता. ऑपरेटरने पोस्टला रेडिओ सेट लावला. चार्ली हे पोस्टचं सांकेतिक नाव.

"चार्ली फॉर पेट्रोल. एक आदमी क्रेव्हास में. जिंदा है. रेस्क्यू पार्टी भेजो. ओव्हर."

"रॉजर. रेस्क्यू पार्टी मूव्ह कर रही है. होल्ड करो. आउट."

आम्ही ओढायचा प्रयत्न केला. दोरी काठाच्या बर्फात रुतत गेली. जितकं ओढावं तितकी आत. आणि काठाचे तुकडे सुटून त्याच्या अंगावर पडत होते. दुसरी दोरी खाली सोडली, पण एका हाताने त्याला हूक लावता येईना. तेव्हा मी ठरवलं की आपण काठावर जाऊन खाली उतरायचं. मी पोटावर सरकत पुढे निघालो.

तो खालून म्हणाला, "उस्ताद, येऊ नका."

"मी येतो. तू हालू नको."

"येऊ नका म्हन्तो ना. काठ पोकळ आहे. तुमाले वरून नाही दिसून राहिलं, मले खालून दिसते. तुमी आता आहा ना, तिथंबी खाली काई नाही. मांगं सरका. सारे मांगं सरका."

मी मागे सरकलो. सगळे सरकलो. थोड्या वेळाने मी जिथे पोटावर पडलो होतो तो तुकडा खाली गेला. त्याच्या अंगावरून गेला की बाजूने, ते आम्हाला कळलं नाही. मी हाक मारली. त्याने ओ दिली.

मग वारा सुटला. वारा सुटला की वरचा भुरभुरीत बर्फ उडतो आणि हात लांब केला तर पंजा दिसत नाही. रेस्क्यू पार्टी अर्ध्या वाटेवर अडकली. पोस्टवरून एकच शब्द येत होता: होल्ड. आमच्याकडे धरून ठेवणं आणि बोलत राहणं एवढंच होतं. माणूस बोलत असला की शुद्धीवर राहतो. मागचे दोघे पहाडी मुलखातले होते, त्यांना आमची भाषा कळत नव्हती. बोलायचं काम माझं होतं.

दुपार उलटल्यावर त्याची उत्तरं तुटक झाली. मग नुसतं "हं" येऊ लागलं. मग तेही येईना. रेस्क्यू पार्टी पोचली तेव्हा उजेड होता. त्यांनी दुसऱ्या बाजूने पुली लावून त्याला काढलं. नर्सिंग असिस्टंटने तपासलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सेट हातात घेतला. पोस्टला काय कळवायचं ते कळवलं.

अकोल्याच्या त्या खोलीत मी एवढं सांगितलं. प्रज्ञा भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहत नव्हती, माझ्या हातांकडे पाहत होती. गौतम गेला तेव्हा ती नुकती चालायला लागली होती.

"मीबी येईन," ती म्हणाली. "आईला एकटीला सोडणार नाही."

जूनपासून तयारी सुरू झाली. वहिनींच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि चालायला सांगितलं. मी पहिल्यांदा चपला बंद केल्या. बूट घ्या आणि बूट घालूनच ऑफिसला जा, म्हणजे पायाला सवय होईल. साडीखाली स्पोर्ट शूज पाहून ऑफिसात लोक हसले म्हणे. वहिनींनी बूट काढले नाहीत.

रविवारी आम्ही नरनाळ्याला जायचो. तो किल्ला अकोट तालुक्यात आहे, सातपुड्याच्या अंगावर. मी अमरावतीहून, त्या दोघी अकोल्याहून, शहानूरला भेटायचो आणि चढायचो. पहिल्या रविवारी वहिनी दर वळणावर बसल्या. मी घाई केली नाही. डोंगरात पहिल्यांदा थकतो तो माणूस वाईट नसतो, लपवतो तो वाईट असतो, हे मी त्यांना सांगितलं. ऑगस्टपर्यंत त्या न बसता वरच्या दरवाजापर्यंत जाऊ लागल्या. प्रज्ञा तर पुढे पळायची आणि वरून आमचे फोटो काढायची.

कपड्यांवरून मात्र वाद झाला. मी सांगितलं, अंगाला लागून सुती काही नको. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थंडीत अंगाचा वैरी होतो.

"सारा जिल्हा कपाशीवर जगते," वहिनी म्हणाल्या, "अन् तुमी मले म्हनता कापूस घालू नका."

"तिथे लोकर आणि टेरिलिन."

"बरं. गावात कोनाले सांगू नका."

जसजशी तारीख जवळ आली तसा मी बिघडत गेलो. प्लॅन पुरा झाला होता, तरी मी तो पुन्हा उघडायचो. दोरी कोणाची, किती जुनी, दोर्जेकडे दुसरी आहे का. फोन लागेल का, नाही लागला तर खाली निरोप कोण नेईल. जेवताना मधेच उठायचो. वडाळीला दोनदा चक्कर मारायचो. भावाने बगीच्यात बोलावलं, तिथेही झाडांच्या ओळीतून नुसता चालत राहिलो. तो म्हणाला, "दादा, तुमी संत्री पाहून राहिले का काय पाहून राहिले?"

बडनेऱ्याहून गाडी पकडली. दिल्ली, मग बस, मग बोगदा. गावात पोचल्यावर पहिले दोन दिवस मी कोणालाही वर जाऊ दिलं नाही. उंचीची सवय व्हावी म्हणून थोडं चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, खायचं आणि पडून राहायचं. ज्या घरी उतरलो होतो तिथली म्हातारी आम्हाला लोणी घातलेला चहा द्यायची. वहिनी तो संपवायच्या. मी त्यांचा बीपी रोज मोजत होतो. ठीक होता. प्रज्ञाची मी विशेष चौकशी केली नाही. वय चोवीस, नरनाळ्याला पळणारी पोर.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पुढे दोर्जे, मग प्रज्ञा, वहिनी, मागे मी. ओढ्याच्या काठाने गवताळ वाट होती, नंतर दगड सुरू झाले. ग्लेशियर मागे हटताना जो दगडगोट्यांचा ढीग सोडून जातं, त्याला मोरेन म्हणतात. त्या ढिगावर चढलो तेव्हा पलीकडे ते दिसलं. काळ्या दगडांखाली एक निळसर पट्टा. वहिनी थांबल्या. एक हात कपाळावर धरून पाहत राहिल्या.

तेवढ्यात प्रज्ञा खाली बसली. म्हणाली, डोकं दुखतं. सकाळपासून दुखत होतं, सांगितलं नव्हतं. उठायला गेली तर उलटी झाली.

मी तिला बोटं मोजायला सांगितली, सरळ रेषेत चालायला सांगितलं. चालली, पण पाय टाकताना विचार करत होती. उंची लागल्याची ही सुरुवात असते. त्यावर औषध एकच, खाली जाणं.

दोर्जे हळूच म्हणाला, "साब, ग्लेशियर आधा घंटा है."

प्रज्ञा म्हणाली, "मी इथं बसते. तुम्ही आईला नेऊन आणा. मी ठीक आहे."

प्लॅनमध्ये मी लिहिलं होतं की कोणालाही उलटी झाली तर सगळे खाली, आणि कोणी एकटं मागे राहणार नाही. मी तोंड उघडायच्या आत वहिनी वळल्या होत्या. त्यांनी पोरीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, तिचं तोंड आपल्या स्कार्फने पुसलं आणि म्हणाल्या, "चाल. उठ. खाली."

"आई, इतक्या लांबून आलो आपण."

"ते काई पळून नाही जाऊन राहिलं. तू उठ."

खाली येईपर्यंत वहिनींनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

ओढ्यापाशी येताच प्रज्ञाचं डोकं दुखायचं थांबलं. संध्याकाळी तिने वरण-भात खाल्ला. परतीच्या गाडीआधी आमच्या हातात एक मोकळा दिवस होता. तो मी मुद्दाम ठेवला होता, रिझर्व्ह म्हणून. तरी जेवताना मी म्हणालो की डोंगरावर ढग आहेत, प्रज्ञाला आराम हवा, आपण उद्या इथेच थांबू. ग्लेशियर लांबून तर पाहिलंच आहे.

 प्रज्ञाने ताट बाजूला केलं.

"काका, मी इथं आजीपाशी थांबते. तुम्ही आईला घेऊन जा. ढग तर काहीच नाहीत." मग तिने विचारलं, "तुम्ही भिऊन राहिले का?"

"हो," मी म्हणालो.

हे मी पहिल्यांदा कोणापुढे बोललो. तिने मान हलवली. वर्गात बरोबर उत्तर आलं की हलवतात तशी. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मीबी भिऊन राहिली. सकाळी लवकर निघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेच होतो. प्रज्ञा जिथे बसली होती ती जागा लवकरच ओलांडली. मोरेन उतरून ग्लेशियरच्या अंगावर आलो. वहिनींनी पायाखाली पाहिलं.

"हे? हे तं मुरूम आहे."

खरंच तसं होतं. वरून सगळा दगडांचा चुरा, मळकट. दोर्जेने बुटाने तो बाजूला केला तेव्हा खाली बर्फ दिसला, काचेसारखा. वहिनी वाकल्या, हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. बराच वेळ ठेवला. मी शेवटी हात उचलायला सांगितलं.

पुढे उघडा बर्फ होता. दोर्जेने आमच्या बुटांना लोखंडी दाते बांधले. दोरी मी स्वतः बांधली. वहिनींच्या हार्नेसची गाठ दोर्जेने पाहिली होती, मी पुन्हा पाहिली, मग पुन्हा. तशी ती गाठ माझ्या हातांना पाठ होती. पुढे दोर्जे, मध्ये वहिनी, मागे मी. दोर्जे काठीने टोचत चालला. प्रत्येक टोचण्याचा आवाज माझ्या दातांत जाणवत होता.

क्रेव्हास उघडी होती. लांबून आधी नुसती रेघ वाटली. दोर्जेने दोन्ही बाजूंनी काठ तपासला आणि हात वर केला. पक्का आहे. मी अॅक्स बर्फात मारून दोरी तिला गुंडाळली, वर स्वतः बसलो. मग वहिनींना सांगितलं, "पोटावर झोपा. सरकत जा. मी म्हणालो की थांबा."

त्या झोपल्या. सरकल्या. डोकं काठाबाहेर गेलं तेव्हा मी म्हणालो, "बस."

आत निळं होतं. मला माझ्या जागेवरून फक्त समोरची भिंत दिसत होती. वर फिकट, खाली गडद होत गेलेली. तळाशी कुठेतरी पाणी वाहत होतं.  मी दोरी ताणून धरली होती.

"खालून वर पाह्यलं तं आभाळ दिसत असन?" त्यांनी विचारलं.

"दिसतं. पट्टीएवढं."

"त्यायले तुमचा आवाज ऐकू येत होता?"

"येत होता. त्याचाही मला येत होता."

"काय बोलत होते तुमी?"

वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. चौकशीत विचारलं होतं ते दोरीबद्दल, वेळेबद्दल, हवामानाबद्दल. मी म्हणालो, "जेवणाचं बोलत होतो."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मी त्याला म्हणालो, सुट्टीत बार्शीटाकळीला येतो. तुझ्या घरी गोवरीवर भाजलेले रोडगे खाईन, वांग्याच्या भाजीसोबत. तो म्हणाला, उस्ताद, संगीताले रोडगे जमत नाहीत. वरून करपते अन् आत कच्चे राह्यतात. माह्या मायच्या हातचे खा. पण तिच्यापुढं म्हनू नका, ती चार दिवस बोलत नाही."

वहिनींनी तोंड पुन्हा क्रेव्हासकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलू लागले. मी दोरी आणखी घट्ट केली. मग आवाज आला आणि कळलं की त्या हसत आहेत. हसता हसता काय झालं ते मी पाहिलं नाही. माझी नजर अॅक्सवर होती. ती जागची हलायला नको होती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "खरंच नाही जमत. अजूनबी नाही." मग, "आणखी काय म्हनत होते?"

मी सांगत गेलो. पोरीने पहिलं पाऊल टाकलं ते त्याने फोनवर ऐकलं होतं, ते. पावसाळ्याआधी छपराची टिनं नीट बसवायची राहिली होती, ते. एका बैलाचं नाव काही केल्या आठवत नव्हतं, आम्ही दोघेही ते आठवत बसलो, ते.

"ढवळ्या नाही, पिवळ्या नाही," वहिनी म्हणाल्या. "राजा होता तो. माह्या माहेरचा."

"राजा," मी म्हणालो.

दोर्जेने उन्हाकडे पाहून खूण केली. मी वहिनींना मागे सरकायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, कपड्यांवरचा बर्फ झटकला आणि क्रेव्हासकडे तोंड करून हात जोडले. मी सॅल्यूट केला. मग आम्ही त्याच दोरीवर, त्याच क्रमाने परत फिरलो.

गावात पोचलो तेव्हा प्रज्ञा अंगणात उभी होती. "काय पाहिलं, आई?"

"भेग. निळी," वहिनी म्हणाल्या. "बस इथं, तुले तुझ्या बापाचं सांगते." मी चहा मागायच्या निमित्ताने आत गेलो.

लग्न थंडीत अकोल्याला झालं. नवरदेवाच्या काकांनी वहिनींना विचारलं तेव्हा मी जवळच होतो. वहिनींनी अॅक्सपासून पुलीपर्यंत सगळं सांगितलं. मला एक शब्द दुरुस्त करावा लागला नाही.

लान्स नायक गौतम तायडे, राहणार बार्शीटाकळी तालुका. पेट्रोलमध्ये पुढे चालण्याची पाळी त्याची होती आणि ती त्याने बजावली. लटकलेल्या माणसाने आम्हा तिघांना काठावर येऊ दिलं नाही, म्हणून आम्ही तिघे आहोत. ऑपरेटर आता त्याच्या पहाडात दुकान चालवतो. नर्सिंग असिस्टंट मागच्या वर्षी आजाराने गेला. गौतमचं नाव गावातल्या शाळेच्या फाटकावर आहे. लिहिणाऱ्याने रँक चुकवली आहे, लान्स नायकऐवजी नायक, म्हणजे एक पायरी वरची, लिहिलीय. मी ते दुरुस्त करून घ्यायला निघालो होतो. वहिनींनी थांबवलं.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "तेवढे तं ते झालेच असते."